स्वीडनमधला उन्हाळा: खान्देशातून एक्स्चेंजला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावची. दहावीनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून स्वीडनला गेले आणि पुढचा उन्हाळा बघूनच परतले. राहायला होते दालार्ना भागात, सिलियान सरोवराकाठच्या एका गावी. आल्यापासून भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा सगळीकडून मेसेज येत असतात. मुलांचे येतात, त्यांच्या आयांचे येतात, क्वचित आजीचाही येतो. शाळेबद्दल फार थोडे विचारतात, बहुतेकांना उन्हाळ्याबद्दल, तिथल्या सणांबद्दल आणि फिरण्याबद्दल जाणून घ्यायचं असतं. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन उत्तरांचा संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय? आणि त्यात उन्हाळा कधी येतो?

साधारण पंधरा ते अठरा-एकोणीस वयाची मुलं परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. रोटरी यूथ एक्स्चेंज आणि एएफएस या त्यातल्या जुन्या, माहितीतल्या वाटा. होस्ट फॅमिली हे काम हौसेने करते. ते पेइंग गेस्टचं घर नसतं, त्यामुळे भांडी घासणं, कुत्र्याला फिरवून आणणं हे आपल्याही वाट्याला येतं.

स्वीडनची शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते आणि जूनच्या मध्याला संपते. म्हणून वर्षभराच्या एक्स्चेंजला उन्हाळा दोन तुकड्यांत मिळतो. पहिला तुकडा उतरल्या उतरल्या, ऑगस्टमध्ये. तेव्हा भाषा येत नसते, जेवायला बसल्यावर कोण कशावर हसतंय तेही कळत नाही. दुसरा मे-जूनमध्ये. तोवर तू स्वीडिशमध्ये भांडूही शकतेस, आणि फ्रिजमधलं दही कोणी संपवलं हे तुलाही ठाऊक असतं. मी म्हणेन, अख्खं वर्ष या दुसऱ्या तुकड्यासाठी काढायचं असतं. याबद्दल प्रश्न १७ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. मिडसोमार कधी असतो? दरवर्षी तारीख बदलते का?

मिडसोमार म्हणजे ऐन उन्हाळ्यातला तिथला मोठा सण. तारीख बदलते, पण वार बदलत नाही. मुख्य दिवस म्हणजे मिडसोमारची पूर्वसंध्या, ती कायम शुक्रवारी येते, १९ ते २५ जूनच्या दरम्यान. २०२६ मध्ये १९ जूनला आहे आणि २०२७ मध्ये २५ जूनला. पूर्वी ती २३ जूनला धरत, १९५३ पासून शुक्रवारवर आणली. त्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात आणि शहरं रिकामी पडतात, कारण जो तो गावाकडे किंवा पाण्याकाठच्या छोट्या घराकडे निघतो. सामान गुरुवारीच भरून ठेवतात.

३. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय चालतं? सविस्तर सांगशील का?

सकाळ फुलांची. बादल्या आणि कात्र्या घेऊन सगळे रस्त्याकडेला, कुरणात जातात. आमच्या घरी फुलांचा मुकुट असा बांधायचे: आधी बर्चच्या दोन-तीन लवचीक डहाळ्या डोक्याच्या मापाने वळवून पातळ तारेने घट्ट करायच्या. मग पांढऱ्या पाकळ्यांची डेझी, क्लोव्हर, जांभळी रानफुलं यांचे छोटे छोटे जुडगे करायचे आणि प्रत्येक जुडग्याचे देठ पुढच्या जुडग्याच्या फुलांखाली लपतील असे तारेने गुंडाळत न्यायचे. ज्या मुलीला गजरा किंवा वेणी करता येते तिचा हात तिथे लगेच बसतो. माझी होस्ट आजी काही न बोलता आपली तार माझ्याकडे सरकवून चहाला निघून गेली, तेव्हा मला फार बरं वाटलं. एक लक्षात ठेव, रानातलं ऑर्किड दिसलं तर तोडायचं नाही. तिथे सगळ्या रानऑर्किडना कायद्याने संरक्षण आहे. उलट रस्त्याकडेचे निळे-गुलाबी लुपिन हवे तेवढे तोड, बाहेरून आलेली ती झाडं फार माजली आहेत.

दुपारी गावच्या मैदानात उंच खांब उभा करतात. त्याला आडवी दांडी आणि दोन बाजूंना दोन मोठी कडी असतात, सगळं पानाफुलांनी गुंडाळलेलं. क्रेन-बिन काही नाही. लांब काठ्यांच्या जोड्या वरच्या टोकाला बांधून त्यांच्या बेचक्यात खांब धरतात. एक जण ओरडून इशारा देतो, सगळे मिळून हातभर उचलतात, थांबतात, काठ्या खाली सरकवून पुन्हा जोर लावतात. मधल्या थांब्यात व्हायोलिनवाले वाजवत राहतात. खांब ताठ उभा राहिला की मैदानभर ओरडा होतो आणि मग गोल करून नाच. त्यात बेडकासारख्या उड्या मारायचा एक नाच असतो, तो सत्तरीतले आजोबाही मनापासून करतात. लाजून कडेला उभी राहू नकोस. हात धरला की पाय आपोआप शिकतात.

दालार्नातल्या लेक्सांद गावचा खांब बघायला हजारो माणसं जमतात. तिथे सरोवरातून वल्ह्यांच्या लांबलचक होड्याही येतात. बघायला तो सोहळा भव्य आहे, पण हात लावायला मिळतो तो लहान गावच्या खांबाला. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर लहान गाव निवड.

संध्याकाळी लांबच लांब टेबल मांडून जेवण, गाणी, पाऊस आला तर ताडपत्री. रात्रीचं पुढे आहेच.

४. माय, तठे रात व्हसच नही का?

व्हस आजी, पण अंधार पडत नाही. आमच्या भागात जूनच्या शेवटी सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेतीनच्या आत परत उगवतो. मधल्या वेळात नुसती तिन्हीसांज. बाहेर बसून पेपर वाचता येईल इतका उजेड असतो. अगदी उत्तरेला, किरुनाकडे, मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. झोपायला त्रास होतो, म्हणून घरोघरी खिडक्यांना जाड काळे पडदे असतात. डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत न्यावी.

५. उन्हाळा म्हणजे गरम कपडे नकोत ना?

हवेत. जळगावचा मे ४४-४५ अंशांचा. तिथे मिडसोमारला १५ अंश आणि रिमझिम असू शकते, मग आठवड्याने २७ होऊन सगळे तळ्यात. स्वेटर आणि रेनकोट बॅगेत वरच ठेव.

साडी नेऊ का, असंही खूप मुली विचारतात. जरूर ने. दालार्नात त्या दिवशी लोक आपापल्या परगण्याचा पारंपरिक पोशाख घालतात. कोणत्या गावाचा ॲप्रन कसल्या पट्ट्यांचा, हे जुन्या बायका लांबून ओळखतात. तिथे आपली साडी परकी वाटत नाही, लोक काठ हातात घेऊन बघतात. सुती ने आणि थोडी आखूड नेस, गवत ओलं असतं. पायात बूट घाल.

६. आम्ही शुद्ध शाकाहारी. सणाच्या जेवणात मुलगी उपाशी राहील का?

नाही काकू. मिडसोमारच्या टेबलावर लोणच्यासारखी मुरवलेली हेरिंग मासळी असते, तो भाग सोडून द्यायचा. बाकी डिल (शेपूसारखा पाला) घालून उकडलेले नवे बटाटे, आंबट साय, बारीक चिरलेली कांदापातीसारखी पात, राय नावाच्या धान्याची कुरकुरीत पोळी, लोणी, आणि शेवटी स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक. केकमध्ये अंडं असतं. अंडं चालत नसेल तर नुसत्या स्ट्रॉबेरी आणि क्रीम मागायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. जैन घरातल्या मुलांना बटाटाच नको म्हटल्यावर पर्याय कमी उरतात. त्यांनी एक-दोन पदार्थ स्वतः करून टेबलावर ठेवावेत.

दोन ठिकाणी मात्र फसगत होते. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट असतं. आणि सुट्या, रंगीत, चघळायच्या गोळ्यांत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. तिथली पोरं शनिवारी पिशव्या भरभरून या गोळ्या घेतात. पाकिटावरची यादी वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी. आणि ‘आम्ही शाकाहारी’ एवढं न सांगता काय काय खात नाही ते फॉर्ममध्ये नावानिशी लिहावं. मासे शाकाहारात धरणारी माणसं तिथे भेटतात.

७. सणात सगळे पितात म्हणे. मुलांवर दबाव येतो का?

मोठी माणसं पितात, हे खरं. जेवताना छोटे पेले उचलून गाणी म्हणतात. पण नियम स्पष्ट आहेत. सरकारी दारूदुकानात वीस वर्षांखालच्यांना काही मिळत नाही, हॉटेलात अठराखालच्यांना नाही. एक्स्चेंज कार्यक्रमांचे नियम त्याहून कडक आहेत. रोटरीत दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना मनाई आहे, आणि नियम मोडला तर घरी परत पाठवतात.

टेबलावर एल्डरच्या फुलांचं सरबत असतंच. तोच ग्लास उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘स्कोल’ म्हणायचं आणि गाणं म्हणायचं. ग्लासात काय आहे हे कोणी विचारत नाही. खरी जपण्याची जागा वेगळी आहे: मोठी माणसं झोपल्यावर तरुण पोरांचं टोळकं तळ्याकाठी जातं तिथे. होस्ट भावंडाबरोबर जायचं आणि त्याच्याबरोबरच परतायचं, एवढं मी स्वतः पाळलं.

८. उशाखाली सात फुलं ठेवून नवरा स्वप्नात दिसतो, हे काय आहे?

जुनी समजूत आहे. त्या रात्री सात प्रकारची फुलं एक शब्दही न बोलता गोळा करायची आणि उशाखाली ठेवून झोपायचं. मुलगेही करतात. काळजीचं काही नाही काकू. मैत्रिणी-मैत्रिणी हसू दाबत कुंपणं ओलांडत फिरतात, त्यातच खरी मजा असते.

९. मिडसोमार सोडून आणखी कोणते सण बघायला मिळतात?

३० एप्रिलला वाल्बोर्ग. थंडी संपल्याच्या आनंदात मोठ्या होळ्या पेटवतात, गायनवृंद वसंताची गाणी म्हणतात. बर्फ कुठे कुठे अजून पडलेला असतो, त्यामुळे पूर्ण थंडीचे कपडे घालून जायचं.

६ जून हा राष्ट्रीय दिन. १५२३ मध्ये याच तारखेला गुस्ताव वासा राजा निवडला गेला. सुट्टी मात्र २००५ पासूनच मिळते. झेंडे, बँड, भाषण, घरी केक. आपल्या १५ ऑगस्टच्या मानाने फारच शांत.

जूनच्या सुरुवातीला शाळेचं शेवटचं वर्ष संपवणाऱ्यांचा जल्लोष असतो. पांढऱ्या टोप्या घालून मुलं शाळेच्या दारातून धावत बाहेर येतात. बाहेर आईवडील त्यांचा लहानपणीचा फोटो मोठा करून पाटीवर लावून उभे असतात. मग निळ्या-पिवळ्या फितींनी बांधलेल्या भेटी गळ्यात पडतात. हा दिवस चुकवू नका, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर बर्चच्या फांद्यांनी सजवलेल्या ट्रकवर नाचत गावभर मिरवणूक निघते. ती त्या वर्गाची असते, आपण रस्त्यावरून हात हलवायचा.

ऑगस्टमध्ये क्रेफिश (झिंग्यांच्या जातीचे जलचर) खायची रात्र असते. कागदी टोप्या, चंद्राच्या तोंडाचे आकाशकंदील. शाकाहारींसाठी चीज घालून भाजलेला ‘पाय’ (pie), पण प्रश्न ६ मधलं रेनेट आठवावं.

नॉर्वेत असाल तर १७ मे हा मोठा दिवस, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्यात शाळकरी मुलांच्या मिरवणुका असतात. डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या संध्याकाळी समुद्रकाठी होळ्या. फिनलंडमध्ये मिडसोमार शनिवारी येतो आणि त्यात सौना (गरम खोलीत बसून घाम काढणं) व पाण्याकाठची शेकोटी आलीच.

१०. आखाजीला घरी नसणार, याचंच मुलीला वाईट वाटतंय. काय सांगू?

सांगा की वाईट वाटणारच. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, निंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, घागरीचं पूजन, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. माझ्या वर्षी, २०२५ मध्ये, आखाजी नेमकी ३० एप्रिलला आली, म्हणजे वाल्बोर्गच्याच दिवशी. दुपारी मी व्हिडिओवर आत्याला झोक्यावर बघितलं आणि संध्याकाळी थंडीत होळीपुढे उभी राहिले. त्या दिवशी होस्ट आईला मी आखाजीची पूर्ण गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी होस्ट बाबांनी अंगणातल्या झाडाला दोर बांधून दिला. फळी घरातच होती. मिडसोमारला आलेल्या सगळ्या पोरांनी तो झोका झिजवला.

आपला सण आपणच सांगितला तर त्यांना कळतो. खापर नसेल तर तव्यावर पोळी करा, आमरसासाठी डब्यातला आंब्याचा रस भारतीय दुकानात मिळतो. ताजा आंबा का नेऊ नये ते प्रश्न १३ मध्ये आहे.

११. पोहता येत नाही. तळ्याकाठी अडचण होईल का?

होईल, म्हणून जायच्या आधी शिकून घे. स्वीडनमध्ये सहावी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला २०० मीटर पोहता यावं, त्यातले ५० मीटर पाठीवर, अशी शाळेची अट असते. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला पोहता येत नसेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आधीच स्पष्ट सांग. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्यायला संकोच नको. पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ कपडे चालतात. सौनाला नाही म्हटलं तरी चालतं.

१२. भरीत पार्टी करता येईल का तिथे? उघड्यावर शेकोटी चालते का?

चालते, पण अटी आहेत, आणि त्या मनापासून पाळा. स्वीडनमध्ये निसर्गात वावरायचा हक्क सगळ्यांना आहे. दुसऱ्याच्या जंगलातून चालावं, ब्लूबेरी-लिंगनबेरी वेचाव्यात, घरांपासून लांब एक-दोन रात्री तंबू ठोकावा. अंगणातून किंवा उभ्या पिकातून जायचं नाही. शेकोटी उघड्या कातळावर पेटवायची नाही, उष्णतेने दगड तडकतो आणि तो डाग कायमचा राहतो. कोरड्या दिवसांत आगबंदी जाहीर होते, तेव्हा रानात काडीही पेटवता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वीडनभर, दालार्नातही, जंगलं जळाली होती. लोक ते विसरलेले नाहीत. त्या दिवशी बंदी आहे का हे होस्ट आईबाबांना विचारूनच ठरवा.

भरताची वांगी: आपली हिरवी, मोठी वांगी तिथे नाहीत. जांभळी, चकचकीत मिळतात, त्यांत गर कमी गोड आणि पाणी जास्त. तुरीच्या काड्या नसल्या तरी कोळशाच्या ग्रिलवर साल पूर्ण काळी होऊन वांगं बसेपर्यंत भाजा, मग चाळणीत ठेवून पाणी निथळू द्या. हिरवी मिरची आणि लसूण वेगळे भाजून ठेचा, कांद्याची पात आणि शेंगदाणे भरपूर. तिथल्या मिरचीत दम नसतो, पण आपल्याकडच्या प्रमाणात तिखट घातलंत तर पाहुणे रडतील. ठेचा बाजूला द्या. पुऱ्या मात्र तुम्ही लाटाल तेवढ्या संपतात.

१३. होस्ट फॅमिलीसाठी काय नेऊ? आंबे, पेढे चालतील?

नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे बाद. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आंबा बाद. पण पाच फळांना त्या प्रमाणपत्रातून सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! रावेर-यावलकडच्या मंडळींना हे ऐकून आनंद होतो. तरी पिकलेली केळी बॅगेत टिकत नाहीत. केळीचे वेफर्स आणि सुकेळी न्या, त्यांना भाव मिळतो. कळण्याचं पीठ थोडं स्वतःसाठी ठेवा.

१४. तिथे रोख पैसे चालत नाहीत म्हणे. मग जत्रेत, बाजारात काय करायचं?

बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, फॉरेक्स कार्ड पुरतं. अडचण उन्हाळ्यातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि रस्त्याकडेच्या स्ट्रॉबेरीवाल्यांकडे येते. ते ‘स्विश’ नावाच्या मोबाइल ॲपवर पैसे घेतात, आणि त्याला स्वीडिश बँक खातं लागतं. एक वर्षाहून कमी राहणाऱ्यांना तिथला व्यक्तिक्रमांक मिळत नाही, त्यामुळे खात्याची वाटही अवघड. होस्ट भावंडाला पैसे द्यायला सांगून नंतर त्याचा हिशोब त्याच दिवशी चुकता करायचा.

१५. मुलगा सतरा वर्षांचा. सुट्टीत एकट्याने युरोप फिरू शकतो का?

कायद्यापेक्षा कार्यक्रमाचा नियम आधी बघा. एकट्याने देशाबाहेर जायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. होस्ट फॅमिलीसोबत किंवा कार्यक्रमाच्या सहलीला जायलाही आईवडिलांची लेखी परवानगी लागते. बाल्टिक समुद्रातल्या जहाजांचे वयाचे नियम कंपनीगणिक वेगळे, तिकीट काढण्याआधी वाचावेत.

रेल्वे पासबद्दल एक बारकावा. भारतातून जाणाऱ्या पर्यटकाला युरेल पास मिळतो, पण युरोपात कायदेशीर राहणाऱ्याला, तो भारतीय नागरिक असला तरी, इंटररेल घ्यावा लागतो. राहत्या देशात त्यावर फक्त एक जाण्याचा आणि एक येण्याचा प्रवास होतो. म्हणजे नुसतं स्वीडन बघायला तो उपयोगाचा नाही.

आणि माझं मत विचाराल, तर स्वीडनच पुरतं. स्टॉकहोमला वासा जहाज बघा. ते १६२८ मध्ये पहिल्याच सफरीला बंदराजवळ बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं. फालुनची तांब्याची खाण बघा. तिथली लाल घरं ज्या रंगाने रंगवतात तो याच खाणीतला. रात्रीच्या गाडीने अबिस्कोला जा, मध्यरात्रीचा सूर्य बघा. आठ दिवसांत सहा राजधान्या पळत बघणाऱ्या मुलांकडे नंतर सांगायला स्टेशनांची नावंच उरतात.

१६. स्वीडनच्या परमिटवर नॉर्वे, डेन्मार्क, लंडनला जाता येतं का?

तीन महिन्यांहून जास्त शिकायला जाणाऱ्याला स्वीडनचं निवास परवानापत्र घ्यावं लागतं. ते कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ असले की शेंगेनमधल्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून चालतं. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा.

कार्डवरची शेवटची तारीख आधी बघा. ती जूनअखेर असेल आणि होस्ट फॅमिली जुलैत नॉर्वेला निघणार असेल, तर तुम्हाला जाता येणार नाही. सहल ठरवण्याआधी सगळ्यांसमोर तारीख वाचून दाखवा.

फक्त उन्हाळ्यापुरते काही आठवडे जाणाऱ्यांना शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी पासपोर्ट चालू हवा. १५ ते १८ वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्टही मागता येतो. उन्हाळ्यात मुंबईची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा. मुलांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनाही हेच लागू.

१७. अकरावीचे, नीटचे क्लास सुरू होतात. मुलीला मेमध्येच परत बोलावलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर प्रत्येक वेळी एकच: बोलावू नका.

एक्स्चेंजचं वर्ष आपल्याकडे आपोआप अकरावी म्हणून धरलं जात नाही. म्हणजे वर्ष तर तुम्ही आधीच दिलेलं असतं. नऊ महिने अंधार, बर्फ, न कळणारी भाषा आणि एकटेपणा काढल्यावर मेमध्ये तिकीट काढायचं म्हणजे पीक कापणीला आलं असताना शेत सोडून यायचं. ज्या कुटुंबाने तिला सांभाळलं ते वर्षातून एकदाच, जूनमध्ये, आजी-आजोबा, मावश्या, चुलते सगळे एका टेबलाशी बसतं. तिथे तिची खुर्ची मांडलेली असते. माझ्या होस्ट घरी नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर माझं नाव आणि पुढे त्यांचं आडनाव होतं.

क्लासचे काही आठवडे बुडतात, हे खरं. मी उशिरा आले, मैत्रिणींच्या वह्या उतरवल्या, दिवाळीपर्यंत बरोबरीला आले. घाई खरंच असेल तर बारावीनंतर जाण्याचा विचार करा, वयाची अट सांभाळून. पण पाठवायचं ठरवलंत तर मिडसोमारनंतरचंच तिकीट काढा.

१८. जंगलात गोचिड्या चावतात हे खरं का?

खरं. उंच गवतातून आल्यावर रोज अंग तपासायचं, विशेषतः गुडघ्यामागे, काखेत, केसांत. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, काडीपेटी असले प्रयोग नकोत. नंतर त्या जागेभोवती लाल गोल पसरत गेला तर डॉक्टरकडे जायचं. मेंदूज्वराच्या एका प्रकारावर लस आहे. ती लागेल का हे तुमच्या गावानुसार ठरतं, होस्टला विचारा. अडचणीत फोन ११२.

१९. मी संकष्टी करते. तिथे चंद्रोदय कसा बघायचा?

जूनमध्ये चतुर्थीचा चंद्र तिथे मध्यरात्रीच्या आगेमागे, क्षितिजाला अगदी लागून निघतो. झाडीआड दिसतही नाही. मी आईच्या सांगण्याप्रमाणे जळगावचा चंद्रोदय धरायचे. उन्हाळ्यात स्वीडन आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे इथले रात्रीचे दहा म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. घरच्यांच्या जेवणाच्या वेळेलाच उपास सुटतो. हिवाळ्यात हाच फरक साडेचार तासांचा होतो.

२०. होस्ट फॅमिलीला खान्देशात बोलवायचं आहे. त्यांच्या उन्हाळी सुट्टीत बोलवू का?

त्यांची मोठी सुट्टी जुलैत असते, तेव्हा आपल्याकडे पाऊस. मे तर नकोच. नाताळची सुट्टी किंवा फेब्रुवारी-मार्चमधली शाळेची आठवड्याची सुट्टी बरी. भरताची वांगी बाजारात असतात, रात्री शेतात बसता येतं, पाटणादेवीला चालता येतं. आखाजीच दाखवायची असेल तर झोके सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी, दुपारी घरात कूलरपुढे, असं त्यांना आधीच सांगून ठेवा. स्वीडिश नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो. अजिंठा जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर आहे, एका दिवसात होतो. फक्त सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात.